'ना' काढून विचार

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना प्रश्नाच्या शेवटी 'ना' चालत नसे. कुणी सहज विचारलं, "सिस्टर, जेवलात ना?" की त्या हातातलं काम थांबवत, विचारणाऱ्याकडे पाहत आणि शांतपणे म्हणत, "परत विचार." नव्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळायचंच नाही. मग बाजूचं कुणीतरी कुजबुजायचं, "'ना' काढ." तो गोंधळून म्हणायचा, "सिस्टर, जेवलात का?" "नाही अजून," असं सांगून सिस्टर पुन्हा कामाला लागत.

यामागचं त्यांचं म्हणणं साधं होतं. "'ना' लावलं की उत्तर आपणच देऊन टाकतो. समोरच्याला नुसती मान हलवायची उरते. आजारी माणूस तर हलवतोच." औषध घेतलं ना, उपाशी आहात ना, आता दुखत नाही ना. या तीन प्रश्नांना कुणी खरं उत्तर दिल्याचं आपण इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही, असं त्या म्हणत.

रुग्णालय परळमधलं आहे. त्याचं नाव लिहीत नाही आणि सिस्टरचंही लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही याची मला खात्री आहे. मी तिथल्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. सिस्टर मला भेटल्या तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. आम्हाला व्यवस्थापनाच्या पुस्तकात नेतृत्वावर एक धडा आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा मी गुणांची यादी लिहिण्याऐवजी नाव न घेता सिस्टरबद्दल लिहिलं. पेपर परत मिळाला तेव्हा समासात शेरा होता, 'मुद्देसूद नाही.' ते बरोबरच आहे. हे लिहिणंही कदाचित मुद्देसूद होणार नाही, पण इथे गुण मिळवायचे नाहीत म्हणून धीर करतेय.

वॉर्डात त्यांचं टोपणनाव होतं 'पावणेदोन सिस्टर'. दुपारी दोनला पाळी बदलायची. सकाळची माणसं निघायच्या आधी आणि दुपारची आल्या आल्या, पावणेदोनला, सिस्टर सगळ्यांना चादरींच्या खोलीत बोलवत. एक नर्स रुग्णांजवळ थांबायची, बाकी सगळे आत. स्टाफ नर्स, आम्ही विद्यार्थिनी, आया, झाडूवाले मामा, सगळे. कपाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने उभं राहून पंधरा मिनिटं वर्ग. खुर्ची कुणालाच नाही, सिस्टरनाही नाही. "बसलं की भाषण होतं," त्या म्हणत.

वर्ग रोज एकाच वाक्याने सुरू व्हायचा, "माझ्यापासून सुरू करते." मग त्या आदल्या दिवशीची स्वतःची चूक सांगत. कधी त्या नातेवाइकावर उगाच चिडल्या होत्या, कधी कॉटचा कठडा वर करायचा राहिला होता. एकदा म्हणाल्या, "काल मी सात नंबरच्या आजोबांना 'ना' लावून विचारलं." सगळे हसले. त्याही हसल्या, पण चूक चुकीतच धरली. इन्चार्जनेच सुरुवात केल्यावर बाकीच्यांना लाज उरायची नाही. सांगता सांगता कुणाला रडू आलं, तर सिस्टरचा नियम होता, "आधी पाणी द्या. उपदेश नंतर."

त्या दिवशीचा धडा त्या एका शब्दात लिहीत. जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी त्यांच्या खिशात कायम असायची. तिचा तुकडा फाडून त्यावर पेनाने शब्द लिहायचा आणि चादरींच्या कपाटाच्या दाराला चिकटवायचा. 'कठडा'. 'नखं'. 'घाम'. चादर काढायला दिवसातून दहा वेळा तिथे जावं लागायचं आणि प्रत्येक वेळी शब्द समोर यायचा. सुलभा मावशी आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या आया. मूळच्या मालवणकडच्या, शाळा दुसरीपर्यंत. त्या म्हणायच्या, "माका ह्या कपाटान वाचूक शिकवला."

एकदा वॉर्डात सलाइनचं नवं यंत्र आलं. थेंब मोजायचं काम तेच करायचं. ते कसं लावायचं हे नोकरीला लागून वर्षही न झालेल्या एका स्टाफ नर्सला तेवढं येत होतं. पावणेदोनला सिस्टर तिला म्हणाल्या, "आज तू उभी राहा इथे. मला येत नाही, मला शिकव." ती बिचारी घाबरून 'सिस्टर, तुम्ही बटण... म्हणजे तुम्हाला माहीतच असेल' असं काहीतरी बोलू लागली. सिस्टरनी सगळ्यांसमोर दोनदा चुकीचं बटण दाबलं, यंत्र दोनदा ओरडलं, तिसऱ्यांदा जमलं. नंतर चादरीच्या घड्या घालता घालता मला म्हणाल्या, "इन्चार्ज झाल्यापासून माझी चूक मला कुणी सांगत नाही. त्याचीच भीती वाटते."

या वर्गाची कुठेही नोंद नव्हती. हजेरी नाही, वही नाही. पुढे जे झालं ते इथूनच सुरू झालं.

माझी त्या वॉर्डात ड्युटी लागली तो सोमवार होता. वर जे लिहिलंय ते सगळं मला नंतर कळलं. त्या आठवड्यात रुग्णालयात एकच गडबड होती, बाहेरून तपासणीसाठी समिती यायची होती. दर्जाचं प्रमाणपत्र मिळायचं होतं आणि त्यासाठी प्रत्येक वॉर्डाच्या प्रशिक्षणाची फाइल हवी होती. विषय काय, कोणत्या तारखेला, कोण कोण हजर, खाली इन्चार्जची सही. वर्षानुवर्षं रोज वर्ग घेणाऱ्या सिस्टरकडे दाखवायला एक कागद नव्हता. त्यामुळे फाइल तयार करायला त्यांना ऑफिसात बसवलं आणि सोमवार ते गुरुवार पावणेदोनचा वर्गच झाला नाही.

सोमवारी दुपारी ऑफिसातून छापील तक्ता आला. त्या आठवड्याचे विषय आधीच भरलेले होते. सोमवारच्या रकान्यात 'रुग्णाची ओळख पटवणे' असं होतं. तक्ता आणणाऱ्याने बोट ठेवलं, "नवीन ना तू? इथे सही कर." मी केली. आमच्या घरात कुणी मोठ्या माणसाने बोट ठेवून सही कर म्हटलं, की आम्ही करतो. खाली सिस्टरची सही होतीच.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला स्टाफ नर्सने माझ्याबरोबर कागद आणि डोस तपासला आणि मला बारा नंबरच्या रुग्णाला जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायला पाठवलं. बारा नंबरला विठ्ठल सावंत होते, त्यांना मधुमेह. तेरा नंबरला विश्राम सावंत, त्यांना मधुमेह नव्हता. त्यांची सोनोग्राफी असल्यामुळे त्यांना सकाळपासून उपाशी ठेवलेलं होतं. मी गेले तेव्हा विठ्ठल सावंत बाथरूमला गेले होते आणि बारा नंबरची कॉट खिडकीपाशी, म्हणून विश्राम सावंत वारा खायला त्यावर येऊन बसले होते. हे मला ठाऊक नव्हतं. मी सुई हातात घेऊन विचारलं, "विठ्ठल सावंत ना?"

"होय, होय."

"रोजचंच इंजेक्शन आहे, माहितीये ना?"

"होय गो बाय."

त्यांच्या मनगटावर नावाची पट्टी होती. मी ती वाचली नाही. सुई दिली, कागदावर खूण केली, पुढच्या कॉटकडे गेले.

थोड्या वेळाने विठ्ठल सावंत परत आले आणि विश्राम सावंत आपल्या कॉटवर जाऊन पडले. जेवणाची गाडी आली. सुलभा मावशी ताटं वाटत तेरा नंबरपाशी थांबल्या. त्यांना ताट द्यायचं नव्हतं, तरी थांबल्या. मग ताटं तशीच टाकून सिस्टर ज्या ऑफिसात बसल्या होत्या तिथे थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, तेरा नंबरच्या बाबांक घाम इलोहा. हात थरथरतत आणि कायतरी बडबडतत. पंखो चालू आसा तरी घाम."

सिस्टर फाइल उघडी टाकून धावल्या. बोटाला टोचून साखर पाहिली, ती खूप खाली गेली होती. डॉक्टरांना हाक मारेपर्यंत त्यांनी ग्लुकोजची तयारी केलेली होती. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला हळूहळू कळत होतं की काय झालंय. अर्ध्या तासाने बाबा शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "चाय मिळात काय गो? सकाळपासून उपाशी असंय."

सिस्टरनी नंतर त्यांना विचारलं, की तुमचं नाव विठ्ठल नाही, मग हो का म्हणालात. बाबा ओशाळून म्हणाले, "पांढऱ्या कपड्यातला माणूस इचारता, मग आपण होयच म्हणायचा."

कपाटाच्या दाराला जुनी चिकटपट्टी अजून होती. 'घाम'. थंड वाऱ्यात बसलेल्या माणसाला घाम आला तर काय समजायचं, हे सिस्टरनी कधीतरी पंधरा मिनिटांत उभ्या उभ्या सांगितलं होतं. ते मावशींच्या लक्षात होतं.

मी सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, "ते मी केलं." आणि रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "पावणेदोन वाजतायत. चल आत. जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. रडलीस तरी चालेल, पण काही गाळायचं नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मी तो वर्ग पाहिला. सिस्टर म्हणाल्या, "माझ्यापासून सुरू करते. चार दिवस वर्ग झाला नाही आणि झाला म्हणून मी सही केली." मग मी सांगितलं. कुणी च्च केलं नाही, कुणी मान फिरवली नाही. सुलभा मावशींनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. दारावर नवी पट्टी लागली, 'नाव'.

पण प्रकरण चादरींच्या खोलीत संपणार नव्हतं. चुकीचं इंजेक्शन म्हणजे लेखी अहवाल आणि चौकशी. दुसऱ्या दिवशी मेट्रन मॅडमच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. वर्गमैत्रिणी म्हणाल्या, प्रशिक्षण मिळून, सही करून वर चूक म्हणजे सरळ निलंबन, वर्ष गेलं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पप्पा लालबागच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन आहेत. माझा युनिफॉर्म रोज तेच इस्त्री करतात, आईला करू देत नाहीत. लिफ्टमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या अर्ध्या बिल्डिंगला त्यांनी सांगून ठेवलंय की मुलगी सिस्टर होतेय. वर्ष गेलं तर धाकट्या बहिणीलाही बारावीनंतर कामाला लाव, असं म्हणणारे नातेवाईक तयारच होते.

मी घरी सगळं सांगितलं. पप्पांनी विचारलं, "सही तुझीच आहे ना?"

"हो."

"मग माफी माग. दुसरं काय बोलणार आपण."

त्यांनी युनिफॉर्म दोनदा इस्त्री केला.

मेट्रन मॅडम वाईट नव्हत्या, हे मला लिहायलाच हवं. त्यांच्या टेबलावर तक्ता होता, माझी सही वर, सिस्टरची खाली. बाजूला आमच्या कॉलेजच्या एक ट्यूटर बसल्या होत्या. मी उभी, सिस्टर माझ्या शेजारी उभ्या. सहाय्यक अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या खालोखालच्या, जागेसाठी सिस्टरचं नाव वर गेलेलं आहे, हे सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. मॅडमनाही होतं. त्यांनी तक्ता पुढे सरकवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "सिस्टर, हिला वर्ग तर दिला होतात ना?"

आदल्या दिवशीच्या वर्गात मला 'ना'चं कळलेलं होतं. तरी त्या एका अक्षरात किती सोय असते ते मला त्या खोलीत कळलं. मॅडमनी उत्तर देऊन टाकलं होतं. सिस्टरना फक्त मान हलवायची होती. तसं झालं असतं तर कागद खरा ठरला असता, फाइल पूर्ण राहिली असती, नाव वर गेलेलंच राहिलं असतं, आणि शिकवूनही न शिकलेली मुलगी म्हणून मी घरी गेले असते. मला त्यांचा राग आला नसता, हेही खरं आहे. मला वाटलं होतं की असंच होणार.

सिस्टरनी तक्ता उचलला, स्वतःच्या सहीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही, मॅडम. वर्ग झाला नाही."

"सही आहे तुमची."

"सही माझी आहे. वर्ग झाला नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी नाव विचारायला शिकवते मी. हिला शिकवलं नाही. चूक हिच्या हातून झाली, पण ती माझ्यापासून सुरू होते."

ट्यूटर काहीतरी बोलायला गेल्या. मॅडमनी हाताने थांबवलं. त्या सिस्टरना म्हणाल्या, "हे मला लिहून घ्यावं लागेल. विचार करा."

"लिहूनच आणलंय," सिस्टर म्हणाल्या आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याबरोबर चिकटपट्टीचं रीळ बाहेर आलं, खाली पडलं आणि गडगडत मॅडमच्या टेबलाखाली गेलं. मी वाकून काढलं. एवढंच काम मी त्या चौकशीत केलं.

मनगटावरची पट्टी वाचली नव्हती म्हणून मला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वॉर्डाची ड्युटी पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं. वर्ष वाचलं. सिस्टरना मेमो मिळाला. सहाय्यक अधिसेविकेच्या यादीतून त्यांचं नाव वगळलं गेलं आणि दोन महिन्यांनी त्यांची बदली ओपीडीच्या इंजेक्शन खोलीत झाली. त्या दोन महिन्यांत मी त्यांचा एकही पावणेदोन चुकवला नाही. तपासणी समिती येऊन गेली. आमच्या वॉर्डाच्या फाइलमध्ये चार दिवसांचे रकाने खोडलेले होते आणि त्यावर सिस्टरच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वर्ग झाला नाही.'

बदलीच्या दिवशी त्या सुलभा मावशींना म्हणाल्या, "कपाट सांभाळा." मावशी म्हणाल्या, "कपाट काय पळान जाता? तुमी चललास." मग दोघीही थोडा वेळ चादरी मोजत राहिल्या. चादरी मोजून झालेल्या होत्या.

इंजेक्शन खोलीत सिस्टर, एक नर्स आणि एक आया, एवढीच माणसं. तिथेही वर्ग सुरू झाला. फक्त ओपीडी लवकर संपायची म्हणून वेळ बदलली, आणि टोपणनाव मात्र पावणेदोनच राहिलं. मी कधी कुणाचा निरोप द्यायला तिकडे गेले की तिथल्या दारावरची पट्टी वाचून यायचे. आमच्या जुन्या वॉर्डात आता दुसऱ्या इन्चार्ज आहेत. त्या वर्ग आठवड्यातून एकदा घेतात, बसून. पण कपाटाच्या दारावर पट्टी असते. ती कोण लावतं, हे कुणी विचारत नाही. अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं असतं. दुसरीपर्यंत शाळा झालेल्या माणसाचं असतं तसं.

गेल्या महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. इंजेक्शन खोलीत समोसे आणि वेफर्स, एक शाल, मेट्रन मॅडमचं छोटंसं भाषण. मॅडम म्हणाल्या, "सिस्टरनी आम्हाला खूप शिकवलं," आणि पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. तेवढंच पुरेसं होतं असं मला वाटतं.

सिस्टर माटुंग्याला राहतात. मी त्यांची पिशवी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेले. बस येत नव्हती. दोन वर्षं जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. धीर होत नव्हता म्हणून घाईत बोलून टाकलं, "सिस्टर, माझ्यामुळे तुमची बढती गेली, तुम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परत विचार."

मला लाज वाटली. शेवटच्या वर्षाला आलेली मी. "तुम्हाला वाईट वाटलं का?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "खूप वाटलं. घरी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नव्हतं." त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. "आणि तुझ्यामुळे नाही गेली. बढतीचं वाईट वाटायचं हळूहळू कमी झालं. त्या सहीचं अजून होत नाही."

बस आली. त्या चढल्या, खिडकीशी जागा मिळाली, हात केला. मी उभी राहिले. 'तसं नाही हो सिस्टर' असं काहीतरी मला बोलायला हवं होतं. बोलले नाही ते बरं झालं. त्यांनी खरं सांगितलं होतं.

घरी पप्पा दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म इस्त्री करत होते. वर न पाहता म्हणाले, "झाला कार्यक्रम? सिस्टर खूश होत्या ना?"

"पप्पा, परत विचारा."

"म्हणजे?"

"'ना' काढून."

पप्पांनी इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं चिडतील. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "कशा होत्या गं सिस्टर?"

मग मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले.